बेंचवरची पोट्टी

नागपूरची टीम काऊन हरून राह्यली हे मले पहिल्याच मॅचले समजलं होतं, अन् समजल्यावर गप्प बसाची आपल्याले सवय नाई. त्यांची कॅप्टन हाये रितिका. ती बॉल सोडत नाई. बॉल हातात आला का पहिले इकडे पाहते, मंग तिकडे पाहते, मंग कॅमेरा कुठी हाये ते पाहते, अन् समोरची पोट्टी आंगावर आली का घाबरून भलतीकडेच फेकते.

"कॅप्टन हाये का राशन दुकानवाली? हातातलं सुटतच नाई!" असं मी म्हणलं, अन् ते बी भर बसमध्ये, सकाळच्या गाडीत, पाय ठेवाले जागा नाई अशा गर्दीत.

मी इंदू. एसटीत कंडक्टर. चंद्रपूर–घुग्घुस–कोरपना ही गाडी माही. कोळशाच्या ट्रकांच्या मांगं मांगं धूळ खात जाते, पण जाते. आमचे ड्रायव्हर रईसभाऊ म्हणतेत, इंदुबाई गाडीत असली का हॉर्नची गरज पडत नाई. तिकीट फाडता फाडता, म्हणजे आता मशीन हाये पण तोंडात तेच बसलं हाये, मी बोलत राह्यते. कोणाची सून पळाली, कोणाच्या कपाशीले बोंडअळी लागली, समदं. यंदा बास्केटबॉल.

कारण यंदापासून बायांची बास्केटबॉलची मोठी लीग सुरू झाली. सहा शहरं, सहा टीमा, टीव्हीवर सायंकाळी मॅच. दिवाळीचा फराळ सरला अन् लीग सुरू झाली. नागपूरच्या टीमचं नाव वाघिणी. अन् त्या वाघिणींच्या बेंचवर, पार कोपऱ्यातल्या खुर्चीत, गळ्यात टॉवेल टाकून जी सावळी, लांब हातांची पोट्टी बसून राह्यते, ती माही दिव्यानी.

आता तुम्ही म्हणसान, बाई आपल्या पोरीसाठी बोलते. बोलते तं बोलते! पण खेळ बी समजते मले. खदानीच्या कॉलनीत राह्यते मी, नवरा लटारू खदानीत इलेक्ट्रिशियन हाये, अन् आमच्या क्वार्टरच्या समोरच बास्केटबॉलचं ग्राउंड हाये. पोट्टी उल्लीशी होती तवापासून खिडकीतून तेच पाहत आली. कोचीची टीम मले पहिल्या दिवसापासून आवडली. दुश्मन असली तं का झालं, चांगल्याले चांगलं म्हणाव लागते. त्या पोट्ट्या मान न वळवता पास देतेत अन् पास बरोबर हातात जाते. लुधियानाच्या साऱ्या उंच, बास्केटखाली उभ्या राह्यल्या का ढग आल्यावानी वाटते, पण खाली वाकाचं नाव नाई. बॉल जमिनीवर लोळला का त्यांचं काम संपलं. पुण्याचं म्हणजे नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. जाहिरातीत पाहा तं जग जिंकलं, अन् फ्री थ्रो मारतेत तं बॉल रिंगले बी लागत नाई. हैदराबादची एक परदेशी बाई खेळते अन् बाकीच्या चारजणी तिच्यासाठी टाळ्या वाजवतेत.

अन् नागपूर? पहिली मॅच हरलो, दुसरी हरलो. डिफेन्स नाई, रिबाउंड नाई, कॅप्टन बॉल सोडत नाई, अन् जी पोट्टी पळून पळून समोरच्याच्या नाकात दम आणते तिले बसवून ठेवलं. कोच केरळची, लीना मॅडम. तोंडावर काही दिसतच नाई त्या बाईच्या. टीम हरो का जिंको, हाताची घडी घालून उभी.

मले घाई कशाची होती ते सांगते. लीगचा नियम हाये, पाचवी मॅच झाली का 'विंडो' उघडते. म्हणजे टीमले जी खेळाडू नको असन तिले काढता येते, अन् दुसरी घेता येते. आमच्या दिव्यानीले सीझनभराचा करार कोणी देला नोता, विंडोपर्यंतचाच होता. पाच मॅचेसमध्ये कोर्टवर पायच नाई पडला तं तिले कोण ठेवन? अन् या लीगसाठी त्या पोरीनं का सोडलं माहीत हाये? वनरक्षकाची भरती. गडचिरोलीले रनिंग होती, पहाटे उठून दोन वर्षं पळली होती ती त्याच्यासाठी. सिलेक्शनचा फोन अन् रनिंगची तारीख एकाच आठवड्यात आली. लटारू म्हणे, सरकारी नोकरी सरकारी असते. मी म्हणली, "जंगलात झाडं मोजाले हजार पोट्टे हायेत. टीव्हीवर खेळाले घुग्घुसची एकच हाये. जा तू नागपूरले!"

म्हणून जीव वरखाली होत होता. एवढंच.

तिचा फोन सायंकाळी यायचा, प्रॅक्टिस झाल्यावर.

"जेवली का?"

"हाव."

"मॅडमनं का म्हणलं? खेळवते का?"

"म्हणते थांब. माह्या पायाचं काम करून राह्यली ती."

"काय झालं वं पायाले?"

"झालं काही नाई, आई. पाय टाकाचं नव्यानं शिकवून राह्यली. थांबते कशी, वळते कशी."

"आता घ्या! चालाले शिकवते का तुले? वर्षाची होती तवा चालत होती तू! अवं, हे समदं टाळाचं काम हाये. तिकडे केरळच्या एकदोन पोट्ट्या भरल्या हायेत ना टीममध्ये? त्याहीले खेळवाचं हाये तिले."

"आई, ऐक तं..."

"तू भोळी हायेस. बापावर गेली. मी पाहते काय कराचं ते."

अन् पाहाचं म्हणजे का, मी दुसऱ्या दिवशी गाडीत सुरू केलं. त्या दिवशी उमेरा गाडीत होती. उमेरा म्हणजे दिव्यानीची जुनी जोडीदारीण. दोघी संगंच शिकल्या कॉलनीच्या ग्राउंडवर. आता ती चंद्रपूरले कॉलेजात जाते, रोज माह्याच गाडीत. मी इकडे कपास वेचाले चाललेल्या बायांचे तिकिटं देऊन राह्यली होती अन् तोंड चालू होतं.

"अवं, ते कोच हाये का बसस्टॉपवरचा खांब? टीम बुडून राह्यली अन् ही हाताची घडी घालून उभी! माही पोट्टी बसवून बसवून खुर्चीले चिकटली. त्या रितिकाले म्हणावं, बॉल घरी घेऊन जाय, हळदीकुंकू कर त्याचं! ओ दादा, पुढे सरका, पुढे जागा हाये, नागपूरच्या डिफेन्समध्ये नाई एवढी जागा हाये पुढे!"

सारी गाडी हासत होती. उमेरानं फोनवर त्याचा व्हिडिओ काढला अन् नेटवर टाकला. 'कंडक्टर काकूंचं मत' असं नाव देलं त्याले.

माय वं! सायंकाळपर्यंत लोकायनं ते कुठीच्या कुठी नेलं. डेपोमध्ये गेली तं साहेबापासून तं सफाईवाल्यापर्यंत सारे विचारतेत, इंदुबाई, आज काय मत हाये? नागपूरच्या पोट्ट्यांनी त्याच्यावर नाचून व्हिडिओ बनवले. मले का, मले तं पंखच फुटले. रोज एक व्हायले लागलं. तिसरी मॅच नागपूर जिंकलं, तरी बी मी सोडलं नाई. जिंकलं कोणाच्या भरोशावर? पुण्याच्या पोट्ट्यांनी फ्री थ्रो हुकवले म्हणून. "समोरचा नापास झाला म्हणून आपण पास होत नाई!" हे तं एवढं चाललं का वाघिणींच्या टीमनं स्वतःच्या पेजवर लावलं. खाली लोकायनं लिहिलं, दिव्यानीले खेळवा. एकानं लिहिलं, मंग शंभरानं लिहिलं.

एक माणूस मात्र हासला नाई. जहीर सर. ट्रकच्या सीटा शिवाचं दुकान हाये त्याहीचं बायपासवर, अन् सकाळी ग्राउंडवर पोट्ट्याहीले शिकवतेत. फुकट. दिव्यानीले त्याहीनंच घडवलं. गाडीत चढले, तिकीट घेतलं अन् हळूच म्हणे, "इंदुबाई, जरा सबुरीनं घ्या. लाकडी कोर्ट वेगळं राह्यते."

"वेगळं म्हणजे? लाकूड का चावते का?"

"तसं नाई..." म्हणे, तेवढ्यात मांगं मुकुटबनवाले पाचजण चढले, मी तिकडे गेली.

आता हे ग्राउंडचं सांगून ठेवते, कारण भायेरच्या माणसाले समजत नाई. आमचं ग्राउंड सिमेंटचं. बाजूनं कोळशाची सायडिंग, मालगाड्या भरतेत तिथी. रात्रभर काळी भुकटी पडते त्याच्यावर. सकाळी पोट्टे झाडतेत, खेळतेत, तोवर वरतून आणखीन पडलेली राह्यते. त्या भुकटीवर पळता पळता गचकन थांबलं का माणूस तोंडावर पडते. म्हणून आमच्या इथी लहानपणापासून पोट्टे थांबतच नाईत, घसरतेत. पुढचा पाय टेकवाचा अन् मांगचा पाय घासत, हातभर ओढत आणाचा. घसरा म्हणतेत त्याले. घुग्घुसची कोणती बी पोट्टी पाहा, घसरा मारूनच वळन. खदानीच्या टूर्नामेंटमध्ये रेफरी बी आमचेच, त्याहीचं बी लहानपण याच भुकटीत गेलं, कोणी कधी शिट्टी वाजवली नाई. दिव्यानीचा घसरा तं पाहण्यासारखा. समोरची पोट्टी पुढे निघून जायची अन् ही मांगं मोकळी उभी.

चौथ्या मॅचच्या आदल्या दिवशी पोरीचा फोन आला. आवाज बारीक.

"आई, ते व्हिडिओ बंद कर ना वं."

"काऊन? का झालं?"

"मॅडमले वरतून फोन आला. टीमच्या मालकाचा. उद्या मले उतरवा म्हणे. लोक मागून राह्यले म्हणे."

मी तं उडीच मारली. "अस्सं! लागली ना मिरची! अवं, रडल्याबिगर माय बी दूध पाजत नाई. मी रडली म्हणून तुले मिळालं!"

"मॅडम नाई म्हणत होती."

"म्हणनच ना ती! तिच्या नाकावर टिच्चून उतरवलं आपण. तू फकस्त आपला खेळ खेळ. घुग्घुसचा खेळ दाखव त्याहीले."

पोट्टी म्हणे, "बरं." अन् फोन ठेवला.

चौथी मॅच नागपूरले, कोचीसंगं. मी सुट्टी टाकली होती, पण नागपूरले गेली नाई. कॉलनीच्या क्लबात मोठा टीव्ही हाये, तिथीच बसली. अख्खी कॉलनी जमली होती. लटारू ड्युटीवरून सरळ आला, डोक्यावर हेल्मेटचा वण तसाच. उमेरा होती. जहीर सर मांगं भिंतीले टेकून उभे. स्टेडियममध्ये लोक ओरडून राह्यले होते, दिव्यानी, दिव्यानी! माह्या आंगावर काटा आला. मी म्हणली लटारूले, "पाह्य, सरकारी नोकरीत हे भेटलं असतं का?"

दुसऱ्या क्वार्टरले उतरवली तिले. टॉवेल काढला, शर्ट खोसला, आली कोर्टवर. पहिलाच बॉल हिसकला तिनं! कोचीच्या त्या मान न वळवता पास देणाऱ्या पोट्टीचा बॉल मधातच हिसकला, पळाली, अन् बास्केटच्या आधी समोरची आडवी आली तवा तिनं झकास घसरा मारला.

शिट्टी.

रेफरीनं दोन्ही मुठी गोल गोल फिरवल्या. ट्रॅव्हलिंग. म्हणजे बॉल हातात धरून पाय सरकवला.

क्लबात शिव्यांचा पाऊस पडला. मी सगळ्यात पुढे. "अबे आंधळ्या, पाय उचलला कुठी तिनं! जमिनीवरच तं हाये पाय!"

"जमिनीवर घासत नेला ना, काकू," उमेरा म्हणे. "तेच तं नाई चालत." तिचं तोंड पडलं होतं.

दुसऱ्यांदा बॉल आला. दिव्यानीनं यावेळी थांबाचा प्रयत्न केला, मले दिसलं ते. मधातच तिचं आंग आखडलं, पाय टाकू का नको टाकू असं झालं, अन् सवयीनं मांगचा पाय सरकलाच. शिट्टी. लोक ओरडाचे थांबले. तिसऱ्यांदा तं लाकडाच्या त्या चकचकीत कोर्टवर तिचा जोडा असा करकचला का टीव्हीत आवाज आला, अन् शिट्टी. मंग तिले काही सुधरेच ना. सोपा पास सुटला. कोचीनं तिच्याच बाजूनं बास्केटामागं बास्केट केले.

हिंदीत कॉमेंट्री करणारा होता एक. तो हासला. म्हणे, "लगता है दिव्यानी कोर्ट पर पोंछा लगा रही हैं."

अन् स्टेडियममधले तेच लोक, जे दिव्यानी दिव्यानी करत होते, तेच हासले. मोठ्यानं हासले. माही पोट्टी मधात उभी होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून, खाली स्वतःच्या पायाकडे पाहत. लीना मॅडमनं टाइमआउट घेतला, तिले बोलावलं, अन् स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात टॉवेल टाकला. मले तवा बी त्या बाईचा रागच आला. म्हणलं, पाह्य कशी नाटकं करते कॅमेऱ्यासमोर.

मांगं वळून पाह्यलं तं जहीर सर निघून गेले होते.

पाचव्या मॅचले तिचं नाव टीममध्येच नोतं. विंडो उघडली अन् त्याच दिवशी दुपारी टीमच्या पेजवर आलं, 'धन्यवाद दिव्यानी, पुढील वाटचालीस शुभेच्छा'. खाली लोकायनं पोछ्याचे चित्र टाकले.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूर स्टँडवर गाडी लावून मी मशीन चालू करून राह्यली होती, तं ही समोरून येते. पाठीवर वाघिणींची बॅग. मले पाह्यलं, पण थांबली नाई. गाडीत चढली अन् सगळ्यात मांगच्या सीटवर जाऊन बसली. मले वाटलं, जाऊन पोटाशी धराव. पण गाडी भरून राह्यली होती.

तिकीट देत देत मांगं आली तं तिनं हात पुढे केला. "घुग्घुस. एक."

"अवं, मी काढते ना तुह्यं."

"तिकीट दे, आई."

देलं. बायांचं अर्धं. माह्या हातातून कागद घेतला अन् खिडकीबाहेर पाहाले लागली.

मधातल्या सीटवर पडोलीचा एक होता, टकल्या, रोजचा गिऱ्हाईक. हासत म्हणे, "इंदुबाई, आज मत नाई का? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतेत, तसंच झालं का मंग?"

माही सटकली. "ओ टकलू! अंगण आमचं खरंच वाकडं हाये, अन् त्याच्यावर जी नाचली तिच्या नखाची सर नाई तुमच्या साऱ्या खानदानाले! उतरा खाली! रईसभाऊ, थांबवा गाडी!" डबल बेल, ट्रिपल बेल, कोणती वाजवली मलेच ठाऊक नाई. रईसभाऊनं गाडी बाजूले घेतली. तेवढ्यात एका पोट्ट्यानं हळूच फोन वर केला, मले काढाले.

"आई," मांगून दिव्यानी म्हणे, "चाल ना वं. लोकायले घरी जाचं हाये."

घरी आल्यावर तिनं बॅग कोपऱ्यात टाकली, हातपाय धुतले. मी वरण-भात अन् वांग्याची भाजी वाढली. तिनं खाल्लं. मले राह्यवलं नाई. मी सुरू झाली. त्या कोचनं मुद्दाम केलं, म्हणलं. नको असलेली पोट्टी मुद्दाम कोचीसारख्या टीमपुढे उतरवाची अन् तोंडावर पाडाची, मंग लोकायनं बोलावंच नाई, हा डाव होता तिचा. म्हणलं, मी सोडत नाई तिले, उद्याच गाडीत...

"आई." तिनं ताट सरकवलं. "मॅडम मले रोज पहाटे एकटीले कोर्टवर नेत होती."

"कायले?"

"पायासाठी. चिकटपट्टीची रेघ मारून देत होती. अनवाणी चालवत होती त्याच्यावर. पळ, थांब, वळ. पळ, थांब, वळ. पहिल्या दिवशी मी शंभरदा चुकली. मंग कमी कमी होत गेलं. ती म्हणे, तुझ्यासारखे हात माझ्या टीममध्ये कोणाचे नाईत, फकस्त पाय कोळशातून बाहेर काढू दे. अर्धा सीझन झाला का उतरवते म्हणे, तोवर बस."

"अन् विंडो? विंडोत काढलं असतं ना तुले!"

"नोतं काढणार. मालकासंगं भांडून मले पूर्ण सीझन ठेवाचं कबूल करून घेतलं होतं तिनं. मंग तुह्ये व्हिडिओ चालले. मालक म्हणे, एवढे लोक पाहून राह्यले, उतरवा पोरीले, तिकिटं खपतेत. मॅडम म्हणे, ती तयार नाई. त्यानं ऐकलं नाई. अन् एकदा टीव्हीवर हासं झाल्यावर, कोण ठेवते मले?"

लटारू दारात उभा होता. तो भायेर जाऊन खाटेवर बसला.

मी म्हणली, "अवं, मंग मले सांगतलं काऊन नाई हे?"

"सांगतलं होतं," ती म्हणे. "तू बोलून राह्यली होती."

राग आला मले. खरं सांगते, रागच आला. म्हणलं, कोणासाठी बोलली मी? स्वतःसाठी बोलली? पोरीसाठी जगाशी भांडाव अन् पोरीनंच तोंडावर माराव! करायले गेली गणपती अन् झालं माकड, पण गणपतीच कराले गेली होती ना मी? हे समदं मी तिले म्हणत होती, मोठ्या मोठ्यानं, शेजारच्या क्वार्टरात जाईन असं. ती ऐकत होती. चेहऱ्यावर काहीच नाई. लीना मॅडमवानीच हाताची घडी घालून बसली होती. मंग माह्या डोळ्यातून पाणी आलं अन् त्याचा आणखी राग आला.

तेवढ्यात माहा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी फोन नेहमी स्पीकरवरच घेते, गाडीतली सवय.

"नमस्कार काकू! मी वाघिणी टीमच्या ऑफिसमधून बोलतोय, मीडियाचं काम पाहतो. आम्ही सगळे तुमचे फॅन आहोत हं!" पुण्याकडचा असन, पोट्टा बोलाले गोड. "काकू, आमच्या मालकांची इच्छा आहे की तुम्ही टीमच्या ऑफिशियल सुपरफॅन व्हावं. प्रत्येक घरच्या मॅचला कोर्टच्या बाजूला तुमची खुर्ची. हातात माइक. टीमचा टीशर्ट, तुमच्या नावाचा. तुम्ही फक्त बोलायचं, जसं बसमध्ये बोलता ना, तसंच."

मले पहिले समजलंच नाई हा का म्हणून राह्यला. दिव्यानीनं मान वर केली.

"अन् माही पोट्टी?" मी म्हणली.

"दिव्यानीचं वाईट वाटलं आम्हाला. खरंच. पण खेळात हे चालतंच ना. आणि तिच्याबद्दल नाही बोललात तरी चालेल. बाकीच्यांबद्दल बोला. रितिकाचं ते राशन दुकानवालं, काय भन्नाट होतं!"

मंग मी त्याले धुतला. पोटात होतं नोतं ते समदं काढलं. म्हणलं, बैताडा, माह्या लेकराचे पाय कापून आता मले नाचाले बोलावते का तुही टीम? मुडदा बशिवला तुह्या मालकाचा! माह्या पोट्टीचं तुह्या कोर्टवर हासं केलं अन् आता तिच्या मायले विदूषक करता? तुम्ही वाघिणी नाई, तुम्ही गिधाडं हायेत, गिधाडं! त्याच्या मालकाले काढलं, त्या कॉमेंट्रीवाल्याले काढलं, त्याच्या सात पिढ्याले काढलं. श्वास घ्यायले थांबली तं तिकडून हासण्याचा आवाज.

"हेच! काकू, हेच पाहिजे आम्हाला! अगदी असंच! थांबा, एक मिनिट, मी रेकॉर्डिंग लावू का?"

दिव्यानी उठली. ताट उचललं. माह्या जवळून जाता जाता थांबली. तिच्या आवाजात राग नोता, तेच वाईट होतं.

"जाय ना, आई," म्हणे. "घरातल्या कोणाचं तं सिलेक्शन झालं."

अन् आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, ताट घासून राह्यली होती. मी फोन हातात घेऊन तशीच बसून होती, अन् तो पोट्टा तिकडून म्हणत होता, "हॅलो? काकू? थांबलात का? बोला ना. तुम्ही बोला, मी ऐकतोय."